सहा आठवड्यांची बाग

मला आजवर लोकांनी नाना तऱ्हेच्या बागा मागितल्या आहेत. कोणाला पाणी न पिणारी बाग हवी असते, कोणाला पाचोळा न पडणारी. दातांच्या एका डॉक्टरांना मधमाश्या न येणारी फुलं हवी होती. पण फिरून फिरून सगळ्यांची मागणी एकाच जागी येते: बारा महिने काहीतरी फुललेलं पाहिजे. त्यामुळे त्या घरातल्या दोन भावांपैकी धाकट्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

"वीस डिसेंबर ते एकतीस जानेवारी," ते म्हणाले. "बरोबर सहा आठवडे. त्या दिवसांत सगळं एकदम फुललेलं हवं. बाकी वर्षभर काय व्हायचं ते होऊ दे."

"बाकी वर्षभर तिथे कोणी राहत नाही का?"

"राहतात की. दादा आणि वहिनी राहतात."

धाकटे परदेशात होते. शीतगृहांची यंत्रं बसवायचं त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तिकडे नोव्हेंबरात सगळं करडं होतं, झाडांचे नुसते सांगाडे उरतात, असं ते फोनवर म्हणाले. "मी वर्षभर हे सहा आठवडे डोळ्यांसमोर ठेवून राहतो, बाई." असं कोणी म्हटलं की नाही म्हणवत नाही.

आमची नर्सरी गावाबाहेरच्या रस्त्याला आहे. कलमं बांधायचं काम माझ्या नवऱ्याचं आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं माझं. तो दिवसभरात दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा झाडांशी. त्याला ही मागणी सांगितली तर म्हणाला, "सोपं आहे. झाडांना हिवाळा आपोआप कळतो. माणसांनाच समजावत बसावं लागतं."

आमच्याकडच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणायचं म्हणजे त्याच्यावर उपकारच. पहाटे अंगावर पातळ चादर ओढावी लागली की लोक थंडी पडली म्हणतात. पण झाडांचं गणित निराळं असतं. पाऊस संपतो, हवा कोरडी होते, रात्र लांबत जाते, आणि काही झाडं नेमकी याचीच वाट बघत बसलेली असतात. बाकीची बाग आळसावलेली असताना ती फुलतात. अशी झाडं थोडी नाहीत, पण लोक ती विकत घेत नाहीत, कारण नर्सरीत गर्दी होते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ती दिसतात अगदी सामान्य.

जागा बघायला गेले तेव्हा फाटक मोठ्या भावाने उघडलं. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. दादांची उभी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती. निवृत्त होऊन ते वडिलांच्या या घरात राहायला आले, आणि धाकट्यांनी छप्पर, गच्ची, कुंपणाची भिंत सगळं नवीन करून दिलं. घर दोघांचं होतं. दादा "आपलं घर" म्हणत, पण "आपलं" म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. त्यांनी माझ्या टेपवर विश्वास न ठेवता पूर्ण बाग स्वतःच्या पावलांनी मोजली. दोघांच्या मापात वितीचाही फरक निघाला नाही.

वहिनी मागच्या दारात ओले हात पुसत उभ्या होत्या. उंचीने बेताच्या, केस घट्ट बांधलेले, साठीच्या जवळपास. माझं सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "उन्हाळ्यात सावलीला एखादं बसवाल का? एप्रिलमध्ये इथे उभं राहवत नाही."

दादा म्हणाले, "ते धाकट्याला विचारावं लागेल."

"राहू द्या मग," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी लावलेली झाडं अशी: फाटकापाशी जांभळा कांचन. हिरवळीच्या कडेला डोंबेया, रुंद केसाळ पानांचं मोठं झुडूप, हिवाळ्यात त्याला गुलाबी फुलांचे चेंडू उलटे लटकतात. भिंतीलगत पॉइन्सेटियाची रांग. त्याची लाल फुलं ही खरं तर फुलं नसतातच, शेंड्याची पानं लाल होतात, पण हे गिऱ्हाइकाला सांगू नये, त्याचा विरस होतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅलिअँड्रा, चेहऱ्याला पावडर लावायच्या पफसारखी लाल फुलं येणारा. मागच्या कोपऱ्यात ट्री डेझी, बारा फुटी काटक्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके. आणि गॅरेजच्या छपरावर नारंगी फुलांची वेल.

या सगळ्यांना मिळून एकच नियम होता, तो मी दादा-वहिनींना पहिल्याच दिवशी सांगितला. जुलैच्या शेवटी शेवटची छाटणी. त्यानंतर कात्री कुलपात. पावसात जी कोवळी फूट येते, तिच्याच शेंड्यावर हिवाळ्यातली कळी बसते. तो शेंडा उडवला की फुलं एक तर लांबतात, नाही तर बुडतात. दादांनी हे वहीत लिहून घेतलं. वहिनींनी नुसतं ऐकलं.

बाग धरायला दोन वर्षं लागली. छाटणीला आणि खताला आमची माणसं जायची, पण रोजचं पाणी वहिनी घालायच्या. दादांची कंबर नोकरीतच कामातून गेली होती, त्यांना नळी उचलवत नव्हती. एप्रिल-मे मध्ये मी गेले की वहिनी डोक्यावर टॉवेल टाकून डोंबेयाच्या मुळाशी नळी धरून उभ्या दिसत. त्या झाडाला पाणी फार लागतं. दुपारी तहानलं की त्याची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात.

"तुमचं हे झाड म्हणजे लाडावलेलं पोर आहे," त्या एकदा म्हणाल्या. "जरा उशीर झाला की लगेच तोंड पाडून बसतं."

तिसऱ्या हिवाळ्यात बाग अशी फुलली की मी स्वतः फाटकात थांबले. धाकट्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. हिरवळीवर टेबल मांडलेलं, खुर्च्यांवर आठ-नऊ माणसं, धाकट्यांची बायको, दोघी मुली, कोणी कोणी मित्र. मित्र पाळीपाळीने यायचे, चार दिवस राहून जायचे, की पुढचे हजर. "या आमच्या बागेच्या जादूगार," असं म्हणून धाकट्यांनी माझी ओळख करून दिली. सगळ्यांनी फोटो काढले. कोणी तरी विचारलं, या झाडांना काही विशेष करावं लागतं का. धाकटे म्हणाले, "काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

सरबताचा ग्लास ठेवायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी एका हाताने तळणीतलं उलटत होत्या, दुसऱ्या हाताने पुढच्या घाण्याचं पीठ कालवत होत्या. ओट्यावर जेवणाची भाजी चिरून ठेवलेली, मोरीत नाश्त्याच्या बशांचा ढीग. खिडकी मागच्या बाजूला होती. तिच्यातून पाण्याची टाकी आणि धुण्याच्या दोऱ्या दिसत.

त्यांनी विचारलं, "बाई, डोंबेयाला फुलं आली का हो?"

मला आधी वाटलं त्या थट्टा करताहेत. झाड तिथून तीस पावलांवर होतं.

"आली की. ओणवं झालंय झाड फुलांनी."

"बघीन. यांचा नाश्ता आटोपला की बघीन."

तेवढ्यात धाकट्यांची बायको आत आली, "वहिनी, मी घेते ते," म्हणाली, आणि वहिनींनी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं. "तू सुट्टीवर आली आहेस. जा, बस बाहेर." हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली असं नव्हतं. आणि बाहेर गेल्यावर धाकटी परत आत आली नाही, हेही तितकंच खरं.

फेब्रुवारीत छाटणी ठरवायला गेले तेव्हा पाहुणे गेलेले होते. डोंबेयाचं एक वाईट असतं. त्याची फुलं गळत नाहीत. तपकिरी होऊन तशीच लटकत राहतात. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या वाट्याला बाग येते ती ही अशी. वेणीफणी झाली, मंडळी गेली, की मागे उरतो गुंतवळ."

त्या हसल्या, मीही हसले, आणि कोणत्या फांद्या काढायच्या ते दोरी बांधून दाखवलं.

चौथा हिवाळाही तसाच गेला. पाचव्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला मी खताचं बघायला गेले होते. दादा बँकेत गेले होते. वहिनींनी चहा केला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. हे नवीन होतं. मी असताना त्या सहसा उभ्याच असायच्या.

"एक विचारू? ते लाल पानांचं झाड नेमकं डिसेंबरातच कसं लाल होतं? त्याला तारीख कोण सांगतं?"

झाडांबद्दल कोणी मनापासून विचारलं की माझी जीभ सैल सुटते. जुनी खोड आहे. मी म्हटलं, "रात्र सांगते. सप्टेंबर संपताना रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागते. तेवढा लांब, सलग अंधार मिळाला की झाड समजतं, आता वेळ झाली."

"आणि संध्याकाळी जवळ कोणी दिवा लावला तर?"

"तर फसतं. दिवस अजून मोठाच आहे असं त्याला वाटतं. रोज तीन-चार तास दिवा असला तर हिरवंच राहतं."

"कायमचं?"

"छे. दिवा बंद केला की लागतं कामाला. मग लाल व्हायला दोन-सव्वादोन महिने."

वहिनींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग विचारलं, "डोंबेयाही दिव्याला फसतं?"

"त्याचं सांगवत नाही. पण शेंडे खुडले तर नवीन फूट येईपर्यंत तेही लांबतं. फुलं कमी येतात मात्र."

"असं होय," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"नाही, आपलं विचारलं. इतकी वर्षं पाणी घालते, तर माहीत असावं."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं, असं पुढे माझा नवरा म्हणाला. त्या दिवशीच्या त्याच्या दहा वाक्यांतलं ते एक.

बावीस डिसेंबरला सकाळी धाकट्यांचा फोन आला. "बाई, या. आत्ता या."

मी गेले. हिरवळीवर टेबल होतं, खुर्च्या होत्या, आणि चारी बाजूंना हिरवी बाग होती. नुसती हिरवी. चांगली पोसलेली, तजेलदार, जवळजवळ एकही फूल नसलेली. धाकटे वाटेवर हात मागे बांधून उभे होते. त्यांची बायको कॉफीचा कप घेऊन पायरीवर, दादा तिच्या मागे. मुली आणि एक मित्रजोडपं दुपारच्या विमानाने यायचं होतं.

"काय झालंय हे?"

मी झाडं बघत फिरले. बोलायच्या आधी हात लावून बघायची सवय असते. कॅलिअँड्राचे शेंडे कापलेले होते, आणि कापलेली टोकं चेपलेली होती. बागेच्या कात्रीने असा काप पडत नाही. धार गेलेल्या, कागद आणि पिशव्या कापायच्या कात्रीने पडतो. डोंबेयाचं तेच, ट्री डेझीचं तेच, फक्त वाकवता येतील तेवढ्या काटक्या. गॅरेजवरची वेलही खालून कोणी भादरलेली. कांचन मात्र फुलला होता, पण सहा-साडेसहा फुटांच्या वरती. खालच्या फांद्या बोडक्या. म्हणजे बेताच्या उंचीचं माणूस चौरंगावर उभं राहिलं तर जिथवर हात पोचेल, तिथवर कात्री गेली होती. भिंतीपाशी एक नवा दिवा बसवलेला होता. त्याच्या खालची पॉइन्सेटिया गडद हिरवी. लांबच्या टोकाची दोन झाडं, जिथे उजेड पोचत नसणार, ती लाल.

मला सगळं कळलं. चोराने पावलांचे ठसे ठेवावेत तसं स्पष्ट होतं ते.

"हा दिवा कधी बसवला?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, गप्प राहायला हवं होतं.

"सप्टेंबरात," दादा म्हणाले. "हिला संध्याकाळी वाट दिसत नव्हती. आता तर लावतही नाही, आठ-पंधरा दिवस झाले."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हटलं, "यंदा पाऊस लांबला. ऑक्टोबरात आठवडाभर पडला. अशा वर्षी कळी उशिरा धरते." हे अगदीच खोटं नव्हतं. पाऊस खरंच पडला होता.

धाकट्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. शेजाऱ्यांच्या अंगणात एकच पॉइन्सेटिया होती, कोणी तरी कुंडीतून काढून नुसती खोचलेली, आणि ती रक्तासारखी लाल झाली होती. "त्यांच्याकडे पाऊस वेगळा पडला का?"

मी पुन्हा कॅलिअँड्राच्या टोकांकडे वळले.

ते दादांकडे वळले. "दादा, ऑक्टोबरात तू छाटलंस का काही?"

"मी? नाही रे. मी कशाला हात लावतोय."

"ही टोकं बघ. कापलेली आहेत. आठवून बघ. जुलैऐवजी नंतर कधीतरी..."

"नाही, वहीत आहे ना माझ्या. जुलै लिहिलंय."

"लिहिलेलं असतं, पण माणूस विसरतो. तुझं हल्ली होतं तसं. परवा गॅसचं बटण..."

दादा गोंधळले. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी ठरवून देणारा तो माणूस स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. "छाटलं असेन का मी?" असं ते हळूच म्हणाले, जणू कोणाला तरी विचारताहेत.

"त्यांनी नाही," वहिनी म्हणाल्या. "मी छाटलं."

सगळे वळले.

"तुम्ही? चुकून?"

"चुकून नाही भाऊजी. ठरवून. दिवाही ठरवूनच लावला. फुलं फेब्रुवारीत येतील. तुम्ही गेल्यावर."

धाकट्यांच्या बायकोने कप कठड्यावर ठेवला. "आमचा एवढा राग होता तुम्हाला?"

"राग कसला गं. राग असता तर मुळावरच घाव घातला असता." वहिनींचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसा सरळ होता. "मी चार उन्हाळे या झाडांना पाणी घातलं. फुललेली बाग एकदाही बसून बघितली नाही. तुम्ही असता तेव्हा मी आत असते. तुम्ही जाता तेव्हा फुलं गेलेली असतात. मला एकदा बघायची होती, इतकंच."

"मग बाहेर यायचं होतं ना वहिनी!" धाकटे म्हणाले. "कोणी अडवलं होतं का?"

"कधी येऊ? तुम्हीच सांगा. आठला तुमचा नाश्ता. दहाला मुली उठतात, त्यांचा. मग जेवण. तीनला चहा, त्याच्याबरोबर काहीतरी तळलेलं. पाचला कोणी तरी येणार. तुम्ही वेळ सांगा, मी येते."

मी धाकट्यांना चार वर्षं ओळखत होते. हिशेबी माणूस. त्यांनी मनात तो दिवस मांडून पाहिला असणार आणि मोकळी जागा सापडली नसणार.

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. वहिनी सवयीने वळल्या, दोन पावलं गेल्या आणि तिथेच थांबल्या. शेवटी धाकटीच पळत आत गेली.

दादा पायरीवर बसले होते. "मला सांगायचंस की," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला असतात, धाकट्याला विचारावं लागेल."

मी तिथून निघाले. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने कळलं. मित्रमंडळींना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. काही दिवस जेवण बाहेरून आलं. मग धाकटे कुटुंबाला घेऊन दोन आठवडे समुद्रावर गेले, आणि परतीची तिकिटं दहा दिवस अलीकडे घेतली. जायच्या आधी त्यांनी मला फोन केला. बागेचं यापुढे दादा-वहिनीच बघतील, असं म्हणाले. आवाज थंड होता, पण उद्धट नव्हता. फोन ठेवताना म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, बाई?"

"छाटलेली टोकं बघितली तेव्हा कळलं."

"आणि तुम्ही पावसाचं सांगितलंत."

"हो," मी म्हटलं. मोठं गिऱ्हाईक गेलं याचं मला वाईट वाटलं. ते वाटलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

चौदा-पंधरा फेब्रुवारीच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. "या ना. आणि येताना कात्री आणू नका."

हिरवळीवर मधोमध एकच खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यात वहिनी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण इतक्या वर्षांत मला बघून त्या उठल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. दादांनी आतून दुसरी खुर्ची आणली, मग चहा आणला. चहा इतका कडक होता की त्यात चमचा उभा राहिला असता. दोघींनी तो मुकाट्याने प्यायला.

बाग फुलली होती, पण पूर्ण नाही. पॉइन्सेटिया लाल झाली होती, टोकाची दोन झाडं मात्र फुलून कोमेजून गेलेली. कॅलिअँड्रा बरा होता. डोंबेयाला पंचवीस-तीस चेंडू लटकत होते. एरवी दोनशे तरी असतात. ट्री डेझीला एकही फूल नव्हतं. ती वर्षातून एकदाच कळी धरते, आणि ती वेळ हुकली होती.

"याला वास येतो," वहिनी डोंबेयाकडे बघत म्हणाल्या. "गोडसर. पाच वर्षांत मला माहीतच नव्हतं. आणि मधमाश्या किती येतात! सकाळी सातला सुरू होतात, दुपारी जरा थांबतात, मग चारनंतर पुन्हा."

"रोज बसता?"

"रोज. सहा दिवस झाले." त्यांनी कप मांडीवर ठेवला. "खरं सांगू? मला वाटलं होतं याहून जास्त आनंद होईल."

"फुलं कमी आहेत यंदा."

"फुलांचं नाही हो." त्यांनी कपातला गाळ हलवला. "मी कधीच कोणाला तोंडावर काही बोलले नाही. एकदा बोलले तर एकदम एवढं. भाऊजींचा चेहरा येतो डोळ्यांसमोर. आपल्या घरी आल्यासारखा यायचा तो माणूस."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही आपल्या घरी असल्यासारख्या होतात का?"

तेवढ्यात दादांनी आतून विचारलं, भाताला पाणी किती घालायचं. "बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत," त्या ओरडून म्हणाल्या, आणि मग मला म्हणाल्या, "रोज विचारतात. वहीत लिहून घेत नाहीत हे मात्र." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी असं करणार नाही मी. माणसांच्या भांडणात झाडांना ताटकळत ठेवलं. तुम्ही जुलैला या. आमच्या पैशांत जमेल तेवढं करा."

मी जुलैला गेले. त्याच आठवड्यात धाकट्यांचाही निरोप आला, मला एकटीला. बागेचं काम पूर्वीसारखं सुरू करा. छाटणी वेळेवर करा. दिव्याचं वहिनी ठरवतील. आणि फाटकाच्या उजवीकडे एखादं सावलीचं झाड बसवा, कोणतं ते वहिनींना विचारून. खाली आणखी एक ओळ होती: तुमच्या ओळखीत एखादा स्वयंपाकी असेल तर कळवा.

स्वयंपाकी मीच शोधून दिला. बंद पडलेल्या एका खानावळीतला, साठीचा, तोंडाचा फटकळ. वहिनी मीठ बघायला आत आल्या की तो डाव उगारून म्हणायचा, "बाई, एक तर तुम्ही नाही तर मी."

त्या हिवाळ्यात धाकटे आले, पण तीनच आठवड्यांसाठी. मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आले. बाग भरून फुलली होती. ट्री डेझीच्या काटक्या पांढऱ्या ओझ्याने भिंतीवर रेलल्या होत्या. हिरवळीवर सगळे होते, वहिनीही होत्या, खुर्चीच्या कडेला टेकून बसलेल्या, ताटकळलेल्या प्रवाशासारख्या. बोलणं सुरू होतं, पण वाळूत रुतलेल्या गाडीसारखं. थोडं पुढे जायचं, थांबायचं. धाकटे मधूनच म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला चहा सांगू?" आणि त्या म्हणायच्या, "नको नको, तुम्ही घ्या."

त्या मला सोडायला फाटकापर्यंत आल्या.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"भाऊजी हल्ली पाणी प्यायचं तरी विचारून पितात. पूर्वी सरळ आत येऊन भांड्याला तोंड लावायचे." त्यांनी मागे वळून बघितलं. "बरं नाही वाटत हो. पण पाय दुखत नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जानेवारीत पाय दुखत नाहीत."

तेवढ्यात हिरवळीवरून धाकटीने हाक मारली. एका पाहुण्याला कोपऱ्यातल्या पांढऱ्या फुलांचं नाव हवं होतं आणि तिला ते येत नव्हतं. "वहिनी, तुम्हालाच माहीत. या ना."

वहिनी गेल्या. नाव सांगितलं, मग काटकी वाकवून कळी कुठे धरते ते दाखवलं, मग पाणी कधी घालायचं, किती घालायचं, मे महिन्यात ते झाड कसं मान टाकतं, ते सगळं सांगायला लागल्या. पाहुणा एक-दोनदा मान डोलावून थांबला असता, पण धाकटे खुर्चीतून उठून जवळ आले आणि ऐकत उभे राहिले. मी फाटक ओढून घेतलं. त्या दिवशी मला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.